शेवट ठाऊक असलेली माणसे

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर काय झाले हे मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असते. तरी विश्वास पाटलांची 1988 सालची ‘पानिपत’ ही कादंबरी आजही आवडीने वाचली जाते. शेवट ठाऊक असताना आपण पाने का उलटतो, या प्रश्नाच्या मुळाशी नियती आणि पुरुषार्थाचा जुना वाद आहे. घडून गेलेली गोष्ट मागे वळून पाहिली की अटळ भासू लागते. मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब हरणारच होते असे एकदा म्हटले की त्यांच्या निर्णयांचा बरावाईट विचार करण्याची गरजच उरत नाही. ऐतिहासिक कादंबरी वाचावीशी ठरते ती हा भास मोडते म्हणून, गेलेल्या माणसांना त्यांच्या निवडीचा क्षण परत मिळवून देते म्हणून, असे मला वाटते. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला तेव्हा पारडे त्यांच्याकडे झुकले होते. त्याच महिन्यात त्यांचा शत्रू अब्दाली याने बागपतपाशी यमुना ओलांडली आणि दिल्लीकडून येणारी रसद तुटली. सूरजमल जाट आधीच साथ सोडून गेलेला, सोबत यात्रेकरू नि बायकामुले, आणि पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ समोरासमोर तळ ठोकून वाढत गेलेली उपासमार. यातल्या बहुतेक वळणांवर कुणीतरी काहीतरी ठरवले होते, आणि ठरवताना दुसरी वाटही समोर होती.

नियती आणि पुरुषार्थाच्या त्या जुन्या वादात गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही, पण ते पाचातले एक आहे. योगवासिष्ठ तर दैवाला आधीच्या पौरुषाचेच फळ मानते. निवडीचा क्षण असा परत देण्यावर इतिहासाचा अभ्यासक विचारील, की भाऊसाहेबांच्या मनात काय चालले होते हे कादंबरीकाराला कुठून कळले? आक्षेप खरा आहे. स्वगते कल्पित असतात, आणि पुष्कळ वाचक तीच इतिहास म्हणून सांगतात. हे नुकसान लहान नाही. पण पत्रे आणि बखरी निर्णय नोंदवतात, त्याआधीची घालमेल क्वचितच. ती कल्पावीच लागते. पुराव्याने बंद केलेली वाट कल्पनेने उघडू नये आणि उघडी असलेली बुजवू नये, एवढे बंधन मात्र हवेच.

घराण्यांच्या कादंबऱ्यांत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा ऱ्हास पाहिला की शाप, पूर्वजांचे पाप, रक्ताचा दोष ही स्पष्टीकरणे सहज जिभेवर येतात. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ अशाच मोठ्या पटाची, जगबुडी नदीच्या काठच्या एका घराण्याची कथा आहे. ती जरूर वाचावी. पण वाचताना खोती म्हणजे काय होते हेही आठवावे. कुळांकडून सारा वसूल करणारी ही व्यवस्था माणसांनी उभी केली आणि माणसांनीच मोडली. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, कायदा झाला तो 1949 साली. खोताच्या ओसरीवरून जी नियती दिसते, ती कुळाच्या झोपडीतून पाहिली तर न्याय वाटेल.

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पाशी मी सर्वांत जास्त अडखळतो. 1962 सालची ही कादंबरी थोरल्या माधवरावांना जिवंत करते: सोळाव्या वर्षी पदरी आलेली पेशवाई, काका राघोबादादांचा उपद्रव, क्षयाने पोखरलेला देह. त्यांची प्रत्येक निवड वाचकाला जाणवते. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला ते वारले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. तिथे मात्र कादंबरीतली निवड अकस्मात संपते आणि प्रेमाची भव्य परिणती तेवढी उरते. त्याच पेशव्यांच्या घरात राधाबाई, काशीबाई, गोपिकाबाई पतीच्या मागे जगल्या होत्या. म्हणजे सती जाणे हा त्या घराचा अटळ रिवाज नव्हता. कुणी म्हणेल, रमाबाई स्वेच्छेनेच गेल्या. तसे असेल तर ती इच्छा कशी घडली, कोणी अडवले, कोणी अडवले नाही, समोर वैधव्याचे कोणते आयुष्य होते, हे सारे लिहायला हवे होते. माधवरावांना मिळालेली घालमेल रमाबाईंच्या वाट्याला आली नाही, आणि हे न लिहिलेले प्रकरण मराठी कादंबरीकडून अजून यायचे आहे.