विहिरीचा गाळ कोणी काढायचा?

फुकट मिळालेल्या गोष्टीचं ऋण लागतं का? मी रोजची आकडेमोड पायथनमध्ये करते. त्यासाठी लागणारी नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब ही साधनं मी विकत घेतलेली नाहीत. तुम्ही वापरत असाल, तर तुम्हीही नाही.

पण ती कोणीतरी बांधली. पायथन ही सर्वसाधारण कामांची भाषा. मोठ्या आकडेमोडीत मुळात संथ. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी आधीच्या दोन लायब्रऱ्यांतलं काम एकत्र आणून नमपाय उभं केलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००६ मध्ये आली. मेंदूवर संशोधन करणाऱ्या जॉन हंटर यांना अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पडद्यावर पाहायचे होते, म्हणून त्यांनी मॅटप्लॉटलिब लिहिलं. २०१२ मध्ये ते गेले. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र जगानं पाहिलं, तेव्हा त्यामागे हीच साधनं होती.

त्यांचा परवाना थोडक्यात एवढंच सांगतो: आमचं नाव पुसू नका, आणि काही बिघडलं तर आम्हाला जबाबदार धरू नका. मग देणं कसलं? हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. मनापासून दिलेल्याची किंमत मोजायला बसलं, तर दानाचा सौदा होतो. ऋषिऋणसुद्धा ऋषींना परत करत नाहीत. शिकून, पुढे शिकवून फेडतात.

पण सॉफ्टवेअर विहिरीसारखं असतं. पायथनची नवी आवृत्ती येते, नवे प्रोसेसर येतात, कोणीतरी चूक दाखवतं. गाळ सतत काढावा लागतो. विहीर खोदणाऱ्याचं नाव राहतं. गाळ काढणाऱ्याचं फारसं कोणी घेत नाही. विद्यापीठातही बढतीला शोधनिबंध मोजतात, दुरुस्त केलेला कोड क्वचितच.

म्हणून मला वाटतं, ऋण खोदणाऱ्याचं नसून विहिरीचं आहे, आणि ते ज्याच्या त्याच्या घागरीप्रमाणे मोजावं. त्या पाण्यावर नफा कमावणाऱ्या कंपनीनं देखभालीला पगारी माणूस द्यावा. विद्यार्थ्यानं सापडलेली चूक नीट नोंदवावी, प्रबंधात साधनाचा उल्लेख करावा, एखादं माहितीचं पान मराठीत लिहावं. ज्याला जमेल त्यानं नवी विहीर खोदावी: त्रिमितीय आकृत्या काढणारं मायावी हे साधन मुंबई आयआयटीत शिकवणाऱ्या प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलं.

यातलं काहीच सक्तीचं नको. सक्ती आली की गरीब विद्यार्थी आधी बाहेर पडेल. पण पाणी गढूळ लागलं, तर तक्रारीआधी गाळ काढायला आत किती जण उतरलेत, तेवढं वाकून बघावं.