मेंढीचा मालक

अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत कबूतर होतं, अजगरही होता. त्या हिशेबाने चीनमधल्या जुन्या विचारवंतांपाशी घटकाभर बसायला हरकत नसावी. मी बी.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त झालेला कारकून. तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नव्हे. पण एका मेंढीच्या चोरीने मला या वाचनात ओढलं.

गोष्ट कन्फ्यूशियसच्या (इ.स.पू. ५५१ ते ४७९) संवादांत आहे. एक अधिकारी त्यांना अभिमानाने सांगतो की आमच्याकडे एक फार सरळ माणूस आहे, बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियसना हे पटत नाही. बापलेकांनी एकमेकांचं झाकून घेण्यातच खरा सरळपणा असतो, असं त्यांचं मत. माया घरात रुजली तरच ती बाहेर पसरेल, हा त्यांचा एकूण धडा.

त्यांच्यानंतरचा मोझी म्हणतो, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बापात फरक करता म्हणून तर जगात भांडणं. त्याच्या पंथाचा एक प्रमुख, फू तुन, चिन राज्यात राहत असे. त्याच्या मुलाच्या हातून खून झाला. बाप म्हातारा, मुलगा एकुलता एक, म्हणून राजाने माफी दिली. फू तुनने ती नाकारली आणि पंथाच्या नियमाप्रमाणे मुलाला देहदंड दिला. हे वाचून मी पुस्तक मिटलं ते दोन दिवस उघडलं नाही.

हान फेई (मृत्यू इ.स.पू. २३३) हा कायदेवादी. त्याच्या पुस्तकात हीच मेंढी पुन्हा येते. तिथे न्यायाधिकारी, बापाला फसवलं म्हणून साक्ष देणाऱ्या मुलालाच मारून टाकतो. हान फेई विचारतो, मग पुढे गुन्हा कळवणार कोण? घराचं हित आणि राज्याचं हित एका पिशवीत मावत नाही. नियम, बक्षीस आणि शिक्षा एवढंच खरं. याच विचाराच्या जोरावर चिन घराण्याने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एक केला, आणि पंधरा वर्षांत ते बुडालं.

झ्वांगझी या सगळ्यांना हसतो. पट्ट्याची कडी चोरणाऱ्याचं डोकं उडतं, राज्य चोरणारा गादीवर बसतो, असं त्याचं म्हणणं. थकबाकीदार शेटजींना केबिनमध्ये चहा जाताना ज्याने पाहिलाय, त्याला हे समजावून सांगायला नको.

वाद अजून मिटलेला नाही. चीनने २०१२ साली फौजदारी प्रक्रियेचा कायदा बदलला, तेव्हा आरोपीच्या जोडीदाराला, आईवडिलांना आणि मुलांना साक्षीसाठी जबरदस्तीने कोर्टात आणता येणार नाही, अशी तरतूद केली.

आता माझी मेंढी. आमच्या शाखेत कॅशला माझे मामेभाऊ होते. अण्णा. नोकरी त्यांनीच लावून दिली, पहिली दोन वर्षं मी त्यांच्याच घरी जेवलो. एका शनिवारी नोटांचं एक बंडल कमी भरलं. ते कुठे गेलं हे मी पाहिलं होतं. संशय गेला रोजंदारीवरच्या शिपायावर, बंडलं तोच आत नेत असे म्हणून. सोमवारी त्याला येऊ नको सांगितलं. मी लेजरात मान घालून बसलो.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला कन्फ्यूशियसच्या बाजूचा समजत आलो, त्यांचं नाव नीट ठाऊक नव्हतं तेव्हाही. पण तेच संवाद पुढे-मागे चाळताना दिसलं की आईबाप चुकले तर त्यांना हळुवारपणे सांगावं, ऐकलं नाही तरी आदर न सोडता सांगत राहावं, हेही त्यांनीच म्हटलंय. म्हणजे बाहेर झाकायचं आणि घरात बोलायचं. मी अर्धंच केलं. शिवाय मेंढीच्या या गोष्टींत, मेंढी ज्याची गेली त्याचं पुढे काय झालं, हे कुणीच विचारत नाही. मोझीच्या पंथाने निदान मेलेल्या माणसाची बाजू धरली. पूर्वी फू तुनचा राग यायचा. हल्ली तितका येत नाही.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्या शनिवारबद्दल आम्ही एकदाही बोललो नाही. शिपायाचं आडनाव मला आठवतं, गाव आठवत नाही.