चौथा नट



आज सहाव्या अध्यायातले २३ ते २५ हे श्लोक. २३व्यात भगवंत सांगतात की योग निश्चयाने करायचा, आणि मन निर्विण्ण होऊ न देता करायचा. निर्विण्ण म्हणजे वैतागलेलं, 'मरू दे, जाऊ दे' म्हणणारं मन. लगेच २५व्यात सांगतात, हळूहळू, धीराने. मला हे दोन्ही एकत्र बसवता येईना. निश्चय म्हटलं की आपल्यासमोर जोरच येतो: उद्यापासून पहाटे चारला उठणार, तासभर जप, मोबाईल बंद!

मधला २४वा श्लोक मला कळला तो वणीच्या एका गॅरेजात.

वणी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला कोळशाचा पट्टा, आणि कोळसा म्हणजे ट्रक. मे महिना, उन्हाने पाना हातात धरवत नव्हता. काकांच्या ट्रकचा टर्बो गेला होता. गाडी उभी म्हणजे भाडं बंद, हप्ता मात्र चालू. ड्रायव्हर दर दहा मिनिटांनी विचारायचा, "झालं का भाऊ?"

टर्बो एग्झॉस्टच्या मॅनिफोल्डवर बसतो. इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराने त्याचं एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. तो धूर कित्येकशे अंश तापलेला. रोज तापायचं, रोज निवायचं. काही वर्षांत नट आणि स्टड गंजून एकजीव होतात. तीन नट निघाले. चौथा खाली, आतल्या बाजूला. तिथे पाना कसाबसा बसायचा, पण फिरवायला जागा बोटभर. आणि स्टड तुटला तर अख्खा मॅनिफोल्ड उतरवा, ड्रिल मारा. दिवस गेलाच समजा.

हाताखालच्या पोट्ट्याने वैतागून पान्याला लांब पाईप लावला. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "काढ तो पाईप. नट नाही म्हणून रायला, तुले ऐकू नाही येत का बे?"

मग त्याने गॅसच्या ज्योतीने नट तापवला. निवू दिला. तेल सोडलं. चहा प्यायला, हो, चहाही! नंतर नट आधी किंचित घट्ट केला, गंजाची पकड सुटावी म्हणून. मग थोडा सैल, पुन्हा थोडा मागे. असं तीन तास. मी विचारलं, "नाहीच निघाला तर?" तो म्हणाला, "कापून टाकू. आपल्याले टर्बो काढायचा हाय, नट थोडी वाचवायचा हाय?"

२४वा श्लोक सांगतो की संकल्पातून उपजलेल्या कामना सोडा. काम सोडा असं म्हणतच नाही! 'तासाभरात निघालाच पाहिजे', 'माझ्याच पद्धतीने निघाला पाहिजे' या त्या कामना. पोट्ट्याने त्या धरल्या होत्या, मिस्त्रीने सोडल्या होत्या. बाहेरून बघाल तर दोघंही हटत नव्हते. पण हट्टी माणसाचं लक्ष स्वतःकडे असतं, निश्चयी माणसाचं समोरच्या नटाकडे. जपात मन विसाव्यांदा पळालं की आपल्याला राग येतो तो मनाचा नाहीच. 'मला एव्हाना जमायला हवं होतं' याचा येतो. गौडपादाचार्यांनी मनाच्या निग्रहाला कुशाच्या टोकाने समुद्र उपसण्याची उपमा दिलीय. समुद्र केवढा आहे हे त्यांनी मोजलंच नाही. न थकण्याकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी नट निघाला. मिस्त्रीने लगेच नवा टर्बो बसवला नाही, आधी तेलाचा पाईप तपासला. आत काजळी धरून तो जवळजवळ बुजला होता. टर्बोला तेलच पोचत नव्हतं. तसाच नवा बसवला असता तर तोही गेला असता. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

एक गोष्ट मात्र सलते. धीर धर, हे ज्याचा हप्ता थकलेला नाही त्याने सांगणं सोपं. ड्रायव्हरचा त्या दिवसाचा भत्ता बुडाला, त्याला मी कुठला श्लोक ऐकवणार होतो? मिस्त्रीने मजुरी आधीच ठरवून घेतली होती. त्यामुळे ते तीन तास त्याच्या खिशातून गेले. त्याचा धीर मला खरा वाटतो तो म्हणून.

उद्या २६वा श्लोक.