गाडी येते, पण...

मंद्रूपमध्ये १६ वर्षांच्या मुलाला 'गाडी येते का?' असं विचारून बघा. तो तुमच्याकडे जरा कीव आल्यासारखंच बघेल. डेअरीला दूध घालणं, शेतात डबा पोचवणं, आजोबांना दवाखान्यात नेणं, सगळं तोच करतो. 'लायसन्स?' असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: "अठरा झाले की काढू."

कायदा मोडतो, एवढं सोडलं तर यात चूक काय? ज्याला गाडी चांगली येते, त्याला कागद नाही म्हणून ती कमी येत नाही. कागद हातात पडला म्हणून जास्तही येत नाही. मग या कागदाला नैतिक वजन कशाचं?

मला वाटतं, ओळखीचं. गावात तुमची हमी गाव देतं. कुणाचा पोरगा, किती जोरात जातो, चुकला तर कुणाच्या घरी तक्रार न्यायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मंद्रूप सोलापूर-विजयपूर महामार्गावर आहे. त्या रस्त्यावर समोरून येणारा ट्रकवाला तुम्हाला ओळखत नाही, आणि तुमच्या गाडीपुढून रस्ता ओलांडणारी म्हातारीही नाही. समोरच्याला कुणीतरी तपासलेलं आहे, एवढ्याच भरवशावर ते रस्त्यावर असतात. 'गाडी येते' हे माझ्याबद्दलचं वाक्य आहे. लायसन्स त्यांच्यासाठी असतं.

म्हणूनच आधी लर्निंग, मग किमान ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट. अनेक ठिकाणी त्यात पाय न टेकवता आठचा आकडा काढावा लागतो. वेगात गाडी कुणीही पळवतो. हळू चालवताना ताबा कळतो. एजंटला पैसे देऊन तो आठ टाळणं म्हणजे अनोळखी माणसाला खोटी हमी देणं.

गरजेचं काय? ती खरीच आहे. कायद्यानं १६व्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं, पण आज शोरूममधल्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या. दार आहे, पण त्यातून जाणारी गाडी नाही. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही. गावातल्या डेअरीपर्यंत ती पुरते, हायवेवर नाही.

तरीही गरज आपली असते आणि धोका दुसऱ्याचा. तो दुसऱ्याला विचारून घेतलेला नसतो. अपघात झाला, तर विमा कंपनीनं जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. चावी दिली बापानं, तर जबाबदार बापही. मला हे कडक वाटतं, अन्यायाचं वाटत नाही.

मराठीत आपण कर्जही 'काढतो' आणि लायसन्सही 'काढतो'. कर्ज बँकेचं असतं. लायसन्स काढलं, की रस्त्यावरच्या प्रत्येक अनोळखी माणसाचं देणं लागतो, आणि ते रोज थोडं थोडं फेडावं लागतं: वळणावर वेग कमी करून, हेल्मेट घालून, फोन खिशात ठेवून.