दिवा विझवावा की तार जोडावी?

धोक्याची खबर देणारी वस्तू त्रास देऊ लागली, की माणूस धोका दूर करतो की खबर देणाऱ्यालाच गप्प बसवतो? प्रश्न जुना आहे. आमच्यासमोर मात्र तो रेणापुरात, एका पिकअपच्या डॅशबोर्डवर चिकटवलेल्या बोटभर काळ्या टेपच्या रूपाने आला. म्हणून टेपपासूनच सुरुवात करतो.

पिकअप आमच्या मामूंच्या मुलाची. सुगीत ती सोयाबीनची पोती घेऊन लातूरच्या आडत बाजारात जाते, एरवी मिळेल ते भाडे करते. एकदा लातूरला जाताना आम्ही पुढे बसलो होतो. टेप पाहून विचारले, हे काय? तो म्हणाला, "कुछ नै भाई, एबीएस का लाइट है. हमेशा जलता, आँखां में चुभता. ब्रेक तो बराबर लगते." आम्ही मान डोलावली आणि दुसऱ्या विषयावर बोलू लागलो.

पुढे १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी शाळेला मंडपवाल्याकडून खुर्च्या आणायच्या होत्या. भाडे स्वस्त पडेल म्हणून आम्ही हीच पिकअप सांगितली. खुर्च्या धरायला सहा मुले मागे उभी केली. मालाच्या गाडीत मुलांना उभे करणे हीच मुळात आमची चूक होती. रिमझिम पाऊस, चिखलाने माखलेला रस्ता, आणि अचानक समोर म्हैस. भावाने ब्रेक दाबला. चाके जागच्या जागी जाम झाली आणि गाडी तशीच घसरत आडवी होऊन रस्त्याच्या कडेला थांबली. म्हैस वाचली, मुलेही वाचली. एकाचे कोपर सोलले, एवढ्यावर निभावले. पण त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. मुलाच्या वडिलांनी "अल्लाह का शुकर" म्हणून आमची समजूत घातली, तेव्हा तर शरमेने मान वर होईना. त्यांना टेपची गोष्ट माहीत नव्हती, आम्हाला होती.

आता ही एबीएस म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावरच उभा आहे. ब्रेक जोरात दाबला की चाक जाम होऊ शकते, आणि जाम झालेले चाक फक्त घसरते, ते स्टिअरिंगचे ऐकत नाही. एबीएस तसे होऊ देत नाही. चाकाजवळ एक दातेरी कडे फिरते, त्याच्यासमोर सेन्सर बसवलेला असतो. दाते पुढून सरकतात तसतसे सेन्सरमधून विजेचे हलके ठोके निघतात आणि चाकाचा वेग संगणकाला कळतो. एखादे चाक अडकू लागले, की संगणक त्या चाकाचा ब्रेक सेकंदात अनेक वेळा सोडतो आणि धरतो. १९७८ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने ही यंत्रणा बाजारात आणली आणि प्रथम ती मर्सिडीजच्या महागड्या मोटारींत बसली. आज ती आपल्याकडच्या पिकअपमध्येही आली आहे.

तिचा एक गुण आम्हाला फार आवडला. एखाद्या चाकाची खबर येईनाशी झाली, तर ती अंदाजाने काम रेटत नाही. ती स्वतःला बंद करते, साधा ब्रेक चालू ठेवते आणि दिवा लावून सांगते, की माझ्या भरवशावर राहू नका. आपण असमर्थ आहोत हे इतक्या स्पष्टपणे कबूल करणारी माणसे आम्ही फार थोडी पाहिली आहेत.

दुसऱ्या आठवड्यात भावाला घेऊन आम्ही लातूरला रेणापूर नाक्याच्या बाजूला एका वयस्क वायरमनकडे गेलो. भाऊ नवा सेन्सर विकत घ्यायच्या तयारीत होता. वायरमन चाचांनी त्याला थांबवले. स्कॅनर लावला, तर पुढच्या डाव्या चाकाच्या सर्किटमध्ये दोष आहे, एवढेच दिसले. चाचा म्हणाले, "मशीन गल्ली बताती, घर नै बताती." मग त्यांनी कपलर सोडवून मीटरने डावा आणि उजवा सेन्सर मोजला. दोघांचे आकडे जवळपास सारखे आले, म्हणजे सेन्सर निर्दोष. मग कपलरपासून संगणकापर्यंतची तार मोजली. तार सरळ धरली की करंट जाई, हलवली की तुटे. चाकाच्या कमानीत हात घालून त्यांनी ती बाहेर ओढली. मागे कधीतरी काम करताना कुणीतरी तिची क्लिप परत बसवली नव्हती. स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायर तिला घासत होता. वरचे कातडे गेले होते, आत पाणी शिरून तांबे हिरवे पडले होते आणि दोन-चार धागेच शिल्लक होते.

चाचांनी हिरवे तांबे चकाकी येईपर्यंत कापून काढले. दोन तारांचे जोड समोरासमोर येऊ दिले नाहीत, मागेपुढे ठेवले. सोल्डर केले, स्लीव्ह चढवून गरम केली, दोन्ही तारांना पूर्वीसारखा पीळ दिला. पीळ कशाला, विचारले तर म्हणाले, आजूबाजूच्या तारांची खरखर आत येऊ नये म्हणून. मग क्लिप बसवली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तार ताणत नाही ना हे पाहिले. जुना दोष पुसून गाडी फिरवून आणली आणि चारही चाकांचे वेग सारखे येतात की नाही ते स्कॅनरवर तपासले. शेवटी स्वतःच्या हाताने टेप काढली. किल्ली फिरवताच दिवा लागला आणि थोड्याच वेळात विझला. चाचा म्हणाले, "ये बत्ती अपने आप बुझना. हात से बुझाए तो गुनाह है."

परतताना भावाने आपली बाजू मांडली, आणि ती टाकाऊ नव्हती. बापजाद्यांच्या ट्रका एबीएसशिवायच आयुष्यभर धावल्या. गाडीवर कर्ज आहे, सुगीत एक दिवस गाडी उभी राहिली तर हप्ता चुकतो. शेवटी तो म्हणाला, अल्लाह मालिक आहे.

यातली पहिली गोष्ट खरी आहे. पण ज्या गाडीत एबीएस नाही तिचा चालक ते जाणून अंतर ठेवतो, ब्रेक जपून दाबतो. दिवा झाकलेल्या गाडीत मागे उभ्या असलेल्या मुलाला, उद्या ती गाडी विकत घेणाऱ्याला, महिनाभर चालवायला घेणाऱ्याला काय माहीत? दिवा एकट्या मालकाचा नसतो. तो एक साक्षीदार आहे, आणि गवाही लपवू नये असे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. उंट आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा. राहिली दुसरी, गरिबीची. तिला आमच्याकडे झटपट उत्तर नाही. एवढेच म्हणतो, की गरिबीमुळे दुरुस्ती आठवडाभर लांबू शकते. तोवर गाडी हळू हाका, माणसे बसवू नका, पण दिवा उघडा राहू द्या. दुरुस्तीला पैसा लागतो, खरे सांगायला लागत नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले १९० वे कलम आम्ही यानिमित्ताने वाचले. ज्याला गाडीतला धोकादायक दोष माहीत आहे तो तर दोषी आहेच, पण साधी काळजी घेतली असती तर ज्याला तो कळला असता, तोही त्यात येतो. फक्त चालवणाराच नव्हे, चालवू देणाराही येतो. म्हणजे "मला माहीत नव्हते" ही ढाल कायद्यालाही मान्य नाही. मग जमीर ती कशी मान्य करील? आणि आम्हाला तर माहीत होते.

इथे कुणी विचारील, की सेन्सर काय नेहमी खरेच बोलतो? नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियाच्या लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे त्याच जातीचे विमान पडून १५७ गेली. दोन्ही वेळा वाऱ्याशी विमानाचा कोन मोजणाऱ्या एका सेन्सरची खोटी खबर खरी मानून यंत्रणेने नाक खाली दाबले. दोन सेन्सरांचे आकडे जुळत नाहीत, असे वैमानिकाला सांगणारी सूचना त्या जातीच्या बहुतेक विमानांत चालतच नव्हती. लायन एअरच्या विमानातला सेन्सर तर आदल्याच दिवशी बदललेला होता, पण बसवल्यावर चाचणी नीट झाल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. म्हणून खबरीवर आंधळा विश्वासही नको आणि तिच्या तोंडावर टेपही नको. तिसरा रस्ता चाचांचा आहे. तार हातात घेऊन टोकापासून टोकापर्यंत तपासायची, आणि जोडल्यावर पुन्हा तपासायची.

हे सारे लिहिताना आमचे बोट आमच्याकडेच वळते. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. पाचवीत आलेला एखादा मुलगा मराठीचे पुस्तक उघडताच खाली पाहतो, गप्प बसतो. ते गप्प बसणे हाही एक दिवाच असतो. आणि आम्ही प्रगतिपत्रकावर "समाधानकारक" लिहून त्यावर टेप लावतो. निकाल चांगला दिसतो, साहेब खूश, पालक खूश. दहावीच्या घाटात गाडी घसरते तेव्हा आम्ही तिथे नसतो. कधी याच्या उलट वागतो, मुलगाच "ढ" आहे म्हणून मोकळे होतो, म्हणजे तार न पाहता सेन्सर फेकतो. त्याला फळा नीट दिसतो का, तो उपाशी येतो का, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे त्याचे कोणते महिने बुडाले, हे कोण मोजणार?

या वर्षी आम्ही चार मुलांच्या पत्रकांवर खरे ते लिहिले आणि चारही घरी जाऊन बसलो. एका घरी चहा मिळाला, एका घरी बोलणी खाल्ली. एकाला चश्मा लागला आहे. बाकीच्या तिघांचे अजून कळलेले नाही, शाळा सुटल्यावर त्यांना अर्धा तास थांबवून घेतो.

वाचकांना एकच विनंती. एबीएस असलेल्या कुणाच्याही गाडीत बसाल, तेव्हा किल्ली फिरवताना डॅशबोर्डकडे पाहा. दिवा लागून विझला तर बिस्मिल्ला म्हणून निघा. विझलाच नाही तर विचारा. आणि मुळीच लागला नाही, तर जास्त विचारा. आम्ही विचारले नव्हते.