आधी राजाची वाटी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात उमर काढलेले एक आजोबा निवृत्तीनंतर सेक्टरमधलं क्वार्टर सोडून उतईला राहायला आले. १९५९ साली कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस पेटली, त्या काळात त्यांचे वडील भंडाऱ्याकडून पोट भरायला इकडे आले होते. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी, असा त्यांचा संसार. सामानाच्या टेम्पोत राजाही आला. राजा म्हणजे देशी कुत्रा, आता म्हातारा. मागचे पाय आखडलेले, कानानं कमी ऐकू येणारा. तखतपोसाखालचं पोतं हीच त्याची जहागीर.

मग नातीनं रस्त्यावरून एक कुत्री उचलून आणली. नाव ठेवलं चिंगी. पोरगी हुशार, आधी जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन रेबीजची लस दिली, जंतांचं औषध पाजलं, गोचिड्या काढल्या, काही रोग असला तर कळावा म्हणून थोडे दिवस मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. इथवर सगळं बरोबर. पण एका संध्याकाळी तिनं दोघांना बैठकीत समोरासमोर उभं केलं, मधोमध दूधभाताची एकच वाटी ठेवली आणि म्हणाली, "राजा, ही तुझी बहीण. मिळून खा."

राजा गुरगुरला. नातीनं वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठीत हाणली. "वाईट! एवढा म्हातारा झाला, अक्कल नाही?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाटी. या खेपेला राजा गुरगुरला नाही. चिंगी वाटीजवळ आली तशी तो सरळ चावला. तिचा कान फाटला, घरभर रक्ताचे थेंब.

"पाहा आजोबा, काल निदान गुरगुरत होता. आज तर गुपचूप चावला!"

"मग तूच तर शिकवलं त्याले," आजोबा म्हणाले. "तो काल सांगून राहिला होता, की बाई, थांब. सांगितलं म्हणून मार बसला. आज त्यानं सांगणंच सोडलं."

गुन्हा नसताना मारण्याची ही खोड जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाच्या यज्ञात सरमा कुत्रीच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी असंच बडवलं होतं. त्यानं हविष्याला तोंडही लावलं नव्हतं. सरमेनं विचारलं, माझ्या लेकराचा गुन्हा काय? कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग तिनं जनमेजयाला शाप दिला, तुझ्यावर न दिसणारं भय येईल. न गुरगुरता चावणारा कुत्रा म्हणजे नेमकं तेच.

सकाळी गुरं चारायला नेणारा पहाटिया फाटकाशी थांबला. त्यानं चिंगीचा कान पाहिला आणि सगळी हकिगत ऐकून हसला. "नवा कुकुर ला पहिली घर झन देखावव, रद्दा देखावव." नव्या कुत्र्याला आधी घर नका दाखवू, रस्ता दाखवा. नवी गाय आणली तर तो तिला एकदम जुन्यांच्या दावणीला बांधत नाही. आधी कळपाबरोबर चरायला नेतो. रानात कुणाचीच दावण नसते, मग भांडायचं कशावरून?

कान बरा झाल्यावर आजोबांनी राजाचा पट्टा धरला, नातीनं चिंगीचा. रस्त्याच्या एका कडेनं हे, दुसऱ्या कडेनं ते. पट्टे सैल, कारण धरणाऱ्याचा हात ताठ झाला की कुत्र्याला ते लगेच समजतं. तोंडाला तोंड लावायचं नाही, फक्त एका दिशेनं चालायचं. राजा अधूनमधून मान वळवून जमीन हुंगे. चिंगीही तेच करी. कुत्र्यांच्या जगात ही सभ्यता आहे: मी तुझ्याकडे टक लावून बघत नाही, तूही बघू नको. अंतर रोज थोडं कमी झालं. घरी चिंगीच्या अंथरुणाचं फडकं राजाजवळ ठेवलं, राजाच्या पोत्याचा तुकडा चिंगीजवळ. ओळख नाकानं होते, नात्यांची नावं सांगून नाही.

आणि घरातला नियम बदलला. दोन वाट्या, दोन कोपरे. आधी राजाची वाटी, मग चिंगीची. बाहेरून आलं की आधी राजाच्या डोक्यावर हात. दुपारी चिंगी मागच्या खोलीत, म्हणजे म्हाताऱ्याला निवांत झोप. नातीला हे पटेना. "पण चिंगी नवी आहे. तिला जास्त प्रेम नको का द्यायला?"

"नव्याला घरात घ्यायचं तर जुन्याची जागा आधी शाबूत ठेवावी लागते," आजोबा म्हणाले. "राजाले चिंगीचा राग नाही. आपलं पोतं जाईल, ही त्याची भीती आहे. ती भीती गेली की जागा तो आपल्या मनानं देते."

हे बोलताना त्यांची नजर फाटकाकडे गेली असावी, असं मला वाटतं. कारखाना उभा राहिला तो इथल्या गावांच्या जमिनींवर. बाहेरून आलेल्यांना क्वार्टरं मिळाली, तेव्हा ज्यांचं शिवार गेलं त्यांचं गुरगुरणं किती जणांनी ऐकलं? पहाटियानं तो विषय काढला नाही, पण रस्ता दाखवला त्यानंच.

पावसाळा लागला. एकदा विजा कडाडल्या तेव्हा चिंगी तखतपोसाखाली घुसली. राजानं डोळा उघडला, हलकंच गुरगुरला. चिंगी तिथंच थबकली आणि पोत्याच्या बाहेर फरशीवर बसली. नातीनं या वेळी वर्तमानपत्राकडे हात नेला नाही. थोड्या वेळानं राजानं पाय आखडून घेतले, पोत्याचा एक कोपरा मोकळा झाला, आणि चिंगी त्यावर येऊन आडवी झाली.

"आजोबा, आता तरी एका वाटीत वाढू?"

"काहून? तुझी आजी न् मी इतकी वर्षं एका घरात आहोत. माझ्या ताटातली तळलेली मिरची तिनं उचललेली मले आजही चालत नाही."

आतून आजीचा आवाज आला, "आज तळलीच नाही, जेवायला या."