खळगा किती खोल असावा?

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं कामानिमित्त आम्ही शहापूर तालुक्यांतील किन्हवलीस गेलों असतां, पेंढ्यानें भरलेली एक बैलगाडी ओढ्याच्या चिखलांत रुतलेली दिसली. तरुण गाडीवान बैलांस पुढें हांकून हांकून दमला होता. इतक्यांत एका वृद्ध शेतकऱ्यानें जुवास हात घातला आणि म्हटलें, "पोरा, आधीं मागं घे." गाडी हातभर मागें आली, व मग बाजूच्या कोरड्या अंगानें वर चढली.

त्या सुमारास आमच्या मनांत गोल्फच्या खेळांतील एक जुना वाद घोळत होता. वाचकांपैकीं कित्येकांस हा खेळ परका वाटेल. तथापि मुंबईंत त्याचा क्लब १८४२ सालींच निघाला होता. चुकलेला चेंडू अडावा म्हणून या खेळाच्या मैदानांत वाळूचे खळगे राखलेले असतात. त्यांस बंकर म्हणतात. ते किती खोल व किती अवघड असावे, हा तो वाद होय.

एक पक्ष म्हणतो, चुकीचें प्रायश्चित्त पुरतेंच मिळालें पाहिजे. अमेरिकेंतील ओकमाँट येथें एके काळीं याच मतानें वाळूंत दांताळ्यानें खोल सऱ्या पाडीत असत. दुसरा पक्ष म्हणतो, खेळ हा छळ होऊं नये. परंतु १९३२ च्या सुमारास जीन साराझेन यानें वाळूसाठीं जाड तळाची काठी प्रचारांत आणल्यापासून उथळ बंकर निष्णात खेळाडूंस इतका सोपा झाला आहे कीं, दाट गवतापेक्षां तोच बरा, असें ते म्हणतात. जिची कोणास भीति नाहीं ती शिक्षा कसली? उलट, १९७८ च्या खुल्या स्पर्धेंत सेंट अँड्र्यूज येथें जपानच्या नाकाजिमाचा चेंडू सतराव्या टप्प्यावरील बंकरमध्यें घरंगळला, तो बाहेर काढण्यास त्यास चार टोले लागले. तेव्हां अति तेथें माती, हेंही खरेंच.

आमच्या मतें खोलीपेक्षां मागच्या बाजूचा विचार आधीं व्हावा. समोरची भिंत पुरुषभर उंच असेना. मागें अथवा आडवा चेंडू काढतां आला म्हणजे झालें. मग एक टोला गमावून मागें येण्याइतका विनय खेळाडूच्या अंगीं आहे कीं नाहीं, याचीच परीक्षा होते. २०२३ सालीं रॉयल लिव्हरपूल येथें बंकरांचा तळ सपाट असल्यामुळें चेंडू भिंतीला चिकटूं लागले, तेव्हां पहिल्या दिवसानंतर चालकांनीं कडेची वाळू चढती करून घेतली. २०१९ च्या नियमांनीं तर दोन टोल्यांचा दंड भरून चेंडू बंकरबाहेर मागें ठेवण्याची मुभाच दिली. भिंती होत्या तशाच राहिल्या.

हें उमगण्यास आम्हांस फार उशीर झाला. बऱ्याच वर्षांपूर्वीं परीक्षेंत नक्कल करतांना सांपडलेल्या एका विद्यार्थ्यास कडक शिक्षा व्हावी, असा आग्रह आम्हींच धरला होता. ती शिक्षा योग्य होती, असें आजही वाटतें. परंतु वर्ष गेलें तरी पुन्हा ये, एवढें सांगावयास आम्ही त्याच्याकडे गेलों नाहीं. आणि तो पुन्हा आला नाहीं. चूक त्याची होती. मागची वाट बुजवली ती आम्हीं.

शिक्षकांनीं, आईबापांनीं, समाजानें समोरची भिंत हवी तितकी उंच बांधावी. मात्र त्या शेतकऱ्याप्रमाणें कोणी तरी कांठावर उभें असावें.